मरणाचं गाठोडं

५ एप्रिल

पोचले. पूल नाहीच, पाण्यात नुसते खांब उभे. होडीनं आले, लाल सुताची पिशवी मांडीवर घट्ट धरून. होडीवाला म्हणाला, बाई, लोक पीठ नेतायत, औषधं नेतायत, तुम्ही हे काय घेऊन चाललात! म्हटलं, घरात लग्न आहे. मग भराभर वल्ही मारायला लागला.

फाटक मोडलंय. कोंबड्या नाहीत. दारावर बुटांचे ठसे. सासूबाई चुलीजवळच्या बाकावर बसल्या होत्या – पायात बूट, डोक्याला रुमाल, आत्ता कुठे तरी निघायचंय अशा. मला बघून उठल्या नाहीत. आधी पिशवीकडे पाहिलं. "सूत मिळालं?"

मी विचारलं, लेव्को कुठंय?

"गेला," म्हणाल्या. "जंगलातून. आपल्या सैन्याकडे." चुलीकडे बघत बोलल्या. चूल विझलेली होती.

फेब्रुवारीत एका दिवसासाठी तालुक्याला गेले होते. लाल सूत संपलं होतं म्हणून. दुसऱ्या सकाळी आपल्याच लोकांनी पूल उडवला, रशियन येऊ नयेत म्हणून. ते आलेच. मी मात्र बहिणीकडे नदीच्या पलीकडे अडकले. गावात जे झालं ते सगळं माझ्याशिवाय झालं. इथे म्हातारी आणि माझा मुलगा, तिथे मी आणि सूत!

६ एप्रिल

सासूबाईंचं मरणाचं गाठोडं गेलं!

पेटीच्या तळाशी असायचं. काळा झगा, नवा रुमाल, मेणबत्ती, आणि पाच रुश्निक – स्वतःच्या हातानं विणलेले कापडाचे लांब पट्टे, दोन्ही टोकांना लाल नक्षी. चार लांब, शवपेटी खड्ड्यात सोडायला. पाचवा चेहऱ्यावर घालायला. साठी उलटली तेव्हा विणून ठेवले होते, हात चांगले चालत होते तेव्हा. दर उन्हाळ्यात ऊन दाखवायला कुंपणावर टाकायच्या आणि गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. शेजारची रायसा म्हणायची, किलिना मावशी, तुमचं मरण माझ्या लग्नापेक्षा थाटात होणार बघा.

"कोणी नेलं?" विचारलं.

"कोण नेणार? जे आले होते ते."

काळा झगा तेवढा पेटीत पडलाय. कसले चोर! झगा नको, मेणबत्ती हवी. लेव्कोचा लग्नाचा पांढरा सदराही नेलाय. माझ्या कपाटातले रुश्निक तर पायाला गुंडाळायला वापरलेत, अंगणात चिखलात सापडले, नक्षीला बुटाचं काळं पॉलिश. राखेच्या पाण्यात उकळायला ठेवलेत. पहिलं पाणी शाईसारखं निघालं.

९ एप्रिल

गावातल्या विणकामशाळेतले सगळे माग त्यांनी थंडीत जाळले. ओकाचं जुनं लाकूड, छान जळतं. आजीच्या आजीच्या वेळचा एक माग होता त्यात. गावात आता माझा एकच उरलाय, मागच्या खोलीतला.

तो कसा वाचला ते रायसानं सांगितलं. दोन पोरगे कुऱ्हाड घेऊन आले. सासूबाई मागाच्या बैठकीवर जाऊन बसल्या नि म्हणाल्या, फोडा, फोडा, पण आधी सांगून ठेवते, ह्याला ज्यानं हात लावला त्याचे हात कोपरापासून वाळले, माझा नवरा बघा कसा गेला. त्यातल्या एकानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि दोघं निघून गेले. "आणि तुझा सासरा तर दारूनं गेला!" रायसा हसली. मीही हसले. महिन्यानंतर पहिल्यांदा. मग आत जाऊन माग बघितला आणि हसू गेलं.

लेव्कोचा लग्नाचा रुश्निक तसाच आहे. त्यावर उभं राहून दोघं शपथ घेणार होती, ईस्टरनंतरच्या रविवारी. पहिलं टोक झालंय, लाल तारे आणि कोंबडे. त्या टोकाचा पहिला धागा यारीनानं टाकला होता. आमच्या घरात तशी रीत – पहिल्या टोकाचा पहिला धागा नवरीनं, दुसऱ्या टोकाचा नवऱ्या मुलानं. मधलं सगळं आईनं. ताण्याच्या उभ्या दोऱ्यांना गाठ नाही, दुसऱ्याचा हात नाही, आणि पुरा होईपर्यंत कात्री नाही. अर्ध्यात कापला तर माणूसही अर्ध्यात राहतो, असं बायका म्हणतात. मी पूर्वी त्यांना हसायचे. आता हसत नाही.

आता मधला पांढरा भाग चालू आहे. लाल सूत आलंय. धागा टाकणारा यायचाय.

१४ एप्रिल

सगळीकडे फोन केले. रेडक्रॉस, पोलीस, सैन्याचा नंबर. नाव सांगा, जन्मतारीख सांगा, अंगावर खूण? डाव्या हाताच्या अंगठ्यावर व्रण, लहानपणी मागात बोट घातलं होतं. पलीकडची मुलगी लिहीत होती. फार मऊ बोलली. मऊ बोलणाऱ्यांची मला भीती वाटायला लागलीय.

पलीकडच्या गावच्या एकानं म्हणे ट्रकमधून हात बांधलेली मुलं बेलारूसच्या बाजूला नेताना बघितली. चेहरे दिसले नाहीत. रायसा म्हणते, म्हणजे असेलच त्यात. मीही म्हणते, असेलच. जिवंत मुलांचेच हात बांधतात.

सासूबाई ऐकून उठल्या नि कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या. कोंबड्या नाहीत!

१८ एप्रिल

यारीनाचा फोन. पोलंडमध्ये आहे, मावसबहिणीकडे. रडत होती. मग म्हणाली, आई, तुम्ही विणताय ना? म्हटलं, विणतेय. रोज वीतभर.

तिनं मला आई म्हणायला कधी सुरुवात केली ते कळलंच नाही.

२४ एप्रिल – ईस्टर

रायसाच्या घरी मैदा होता, तिनं दोन गोड पाव भाजले, एक आम्हाला. चर्चला छप्पर नाही पण लोक आले. सासूबाईंनी आपलं लाल अंडं खाल्लं नाही. एप्रनच्या खिशात ठेवलं. म्हटलं, आई, खराब होईल. म्हणाल्या, होऊ दे.

दुपारी बटाट्यांसाठी बाग खणायला घेतली. गोठ्यामागे नाशपतीच्या झाडापर्यंत गेले तर ओरडल्या – ह्या बाईचा आवाज मी तीस वर्षांत असा ऐकला नव्हता. "तिथे पाय घालू नको. त्यांनी तिथे पुरलंय काहीतरी. मी बघितलंय."

सुरुंग! कुदळ तिथेच टाकून मागे फिरले. संध्याकाळी शेजारचा पानासकाका आला, चार खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, लाल चिंधी लावली. कुबड आलेलं, तरी भराभर काम केलं. चहा देते म्हटलं तर थांबला नाही. हल्ली माझ्याशी डोळ्याला डोळा देत नाही. रायसा म्हणते, त्यानं त्या शिपायांना घरची दारू पाजली, म्हणून लाजतो. लाजू दे.

१ मे

आज लग्न होतं.

त्याऐवजी रायसाच्या भाच्याला पुरलं, होर्दीला. बावीस वर्षांचा. पूर्वेकडे आघाडीवर गेला. लग्न न झालेला मुलगा, म्हणून आमच्या रीतीनं लग्नासारखंच सगळं – लग्नाचा मोठा पाव, मुलींच्या हातात पानांच्या माळा, कोणीतरी अकॉर्डियन वाजवला. आणि क्रूसाला त्याच्या आईनं त्याचा लग्नाचा रुश्निक बांधला. टोकं वाऱ्यात हलत होती. ती म्हणत होती, घे रे, घे, तुझा आहे, मी कुणाला देऊ.

सासूबाई त्या रुश्निककडे बघत राहिल्या. सगळे निघाले तरी बघत होत्या. हात धरून आणावं लागलं.

घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाल्या, "तमारा, तो ताणा काप."

"कुठला?"

"आहे तो. मला माझे रुश्निक विणून दे. मी अशी कशी जाऊ?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. लेव्कोचा ताणा कापायचा, त्या जागी मरणाचा चढवायचा, म्हणजे म्हातारीला सजून जाता येईल. लग्नाच्या ताण्यावर मरणाचं विणता येत नाही, तेवढं तिलाही ठाऊक आहे. म्हणून कापायचा! आणि दुसरा माग तर गावात नाही.

नाही म्हटलं. दोनदा, तीनदा. मग ओरडले. तुम्हाला मरायची घाई झालीय आणि माझ्या पोराला यायचंय. कप फेकला. फुटला. त्यांनी वाकून तुकडे गोळा केले, एकेक करून, एप्रनमध्ये.

३ मे

रायसानं तिचे स्वतःचे चार रुश्निक आणून दिले. घ्या मावशी, नवे आहेत, मी काही इतक्यात मरत नाही. सासूबाईंनी हात लावला, पोत बघितला, परत दिले. "चांगले आहेत. माझे नाहीत."

रायसा फाटकापाशी मला म्हणाली, तुझी सासू मरणाच्या बाबतीत भारी चोखंदळ आहे हं. मला हसू आलं नाही. मला असं वाटतंय, तिनं रायसाचे घेतले असते तर मी सुटले असते. हे तिलाही कळत होतं. तरी परत केले.

२० मे

आज दुपारी बागेतून येत होते तर ठोका ऐकला. आधी वाटलं सीमेवर तोफ. मग वाटलं सुरुंग काढणारे असतील, दुपारी त्यांचे स्फोट होतात. पण तोफेचा आवाज पायातून येतो. हा कानातून आला – लाकडावर लाकूड, फणीचा ठोका. एक. थोड्या वेळानं दुसरा.

खोलीत गेले. कोणी नाही. सासूबाई बाहेर गोठ्याच्या सावलीत, नाशपतीकडे तोंड करून. मागाच्या दोऱ्या किंचित हलत होत्या.

लहान असताना लेव्को मागाखाली बसायचा आणि पायाखालच्या फळ्या हातानं दाबायचा. मी वरून ओरडायचे, निघ तिथून, नक्षी चुकेल. खाली वाकून बघितलं. धूळ. एक वाळलेलं माशीचं अंग.

११ जून

पांढरा भाग संपला. आता तिथे पोचलेय जिथे लाल सुरू व्हायचं. थांबले. धोट्यात लाल सूत भरून ठेवलंय, मागावर डाव्या बाजूला. तो आला की उजव्या हातानं घ्यायचं आणि टाकायचं, एवढंच. बाकी मी करीन.

१७ जून – शुक्रवार

शुक्रवारी आमच्याकडे कोणी मागाला हात लावत नाही, कातत नाही. लहानपणापासून पाळलंय. आज दुपारी ठोका आला. शुक्रवारी!

८ जुलै

आहे! जिवंत आहे!

कैद्यांच्या देवाणघेवाणीत सुटून आलेला एक मुलगा शेजारच्या तालुक्यात आलाय. तो म्हणाला, रशियातल्या तुरुंगात आमच्या बाजूचा एकजण होता, आई विणकर, नाव लेव्को. उंच. कमी बोलायचा. आमचा लेव्को तसाच! रायसा धावत आली सांगायला, एका पायात चप्पल, एका पायात नाही. आम्ही दोघी अंगणात फेर धरून नाचलो. मग दोघी रडलो. मग तिनं भावाकडून आणलेली वोदका काढली.

सासूबाईंना ओरडून सांगितलं. त्या उभ्या राहिल्या. मग हळू चालत आत गेल्या आणि दार लावलं. मला राग आला. असली कसली आजी! नातू सापडला आणि हिला आपल्या रुश्निकचं पडलंय. आजही, ह्या क्षणीही.

यारीनाला फोन केला. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच?

२१ जुलै

तो दुसरा कोणी. झितोमिरकडचा. त्याच्या आईशी बोलले. ती माझी माफी मागत होती, आपला मुलगा जिवंत आहे म्हणून. काय म्हणायचं ह्याला?

आई विणकर नव्हती. शिवणकाम करते. मुलाच्या सांगण्यात फरक पडला, आणि मी तेवढ्यावर दोन आठवडे जगले.

सासूबाईंनी बीटचं सूप करून माझ्यापुढे ठेवलं. पाठीवर हात ठेवला. मी अंग आखडून घेतलं. आता वाईट वाटतं. पण तेव्हा घेतलं.

१९ ऑगस्ट

नाशपतीला या वर्षी एवढी फळं लागलीयत की फांद्या टेकल्यात. दोरीच्या आत पडतात, सडतात. गांधीलमाश्यांचा घोंगाट घरापर्यंत येतो. लेव्को दरवर्षी चढायचा झाडावर, वरून माझ्या अंगावर कच्ची नाशपती फेकायचा, आणि सासूबाई खालून काठी दाखवायच्या त्याला. लोणच्याच्या बरण्या रिकाम्या आहेत आणि फळं सडतायत. मला सहन होईना. सुरुंग काढणाऱ्यांच्या कार्यालयात गेले, पत्ता दिला. ते म्हणाले, आधी शाळा, शेतं, मग बागा. ऑक्टोबरात, पोक्रोवाच्या सणानंतर येऊ.

सासूबाईंना सांगितलं. रागावल्या. "कोणी बोलावलं त्यांना? तुला कोणी सांगितलं? माझ्या घरात!" – आणि मग खाटेवर पडल्या ते उठल्याच नाहीत. दोन दिवस भिंतीकडे तोंड. पानासकाका आला, खाटेशी बसला, दोघं हळू आवाजात बोलत होती. मी आत गेले की गप्प. म्हाताऱ्या माणसांचं काय गूज असतं कोण जाणे. जाताना पानासकाका टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, काहीतरी म्हणणार असं वाटलं. म्हणाला, यंदा थंडी लवकर पडेल.

६ सप्टेंबर

ठोका आता रोज. दुपारी जेवणानंतर, घरात शांत असतं तेव्हा. एक किंवा दोन. कधी खोलीत गेले तर लाल सुताचा धोटा जिथे ठेवला तिथेच. पण बैठकीचं लाकूड गार नसतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वेड लागलं म्हणतील. रायसा तर म्हणेलच.

मला भीती वाटत नाही. उलट ती वेळ होईपर्यंत मी काम रेटते, मग येऊन बसते. येतोस ना? ये.

२२ सप्टेंबर

आज विचारलंच. सूप भरवत होते, चमचा मध्येच थांबवून विचारलं, आई, तुम्हाला दुपारी मागाचा आवाज येतो?

सासूबाईंनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "पहिल्या दिवसापासून," म्हणाल्या.

काय आनंद झाला मला! म्हणजे मी वेडी नाही. म्हटलं, बघा, म्हणजे तो आहे. कुठेतरी आहे आणि त्याचं मन इथे आहे.

"जिवंत माणूस दारातून येतो, तमारा."

चमचा खाली ठेवला. उठून आले. कसं बोलवलं त्या बाईला! स्वतःच्या नातवाबद्दल! आता बोलणं नाही. वाटी ठेवायची, वाटी उचलायची.

२ ऑक्टोबर

यारीनाचा फोन. तिकडे बेकरीत लागलीय. म्हणाली, मी थांबेन त्याच्यासाठी, पण आई, तुम्ही रागावू नका, मी रोज रडून थकले. म्हटलं, रागावत नाही. खरंच नाही रागावले. पोरगी चोवीस वर्षांची आहे. तिनं टाकलेला धागा बघून आले, टोकाच्या अगदी कडेला, थोडा सैल. नवशिकीचा. मी तो कधी घट्ट केला नाही.

१० ऑक्टोबर

सकाळी क्षेपणास्त्रं. कीववर, सगळीकडे. वीज गेली. दिवसभर नाही. 

सासूबाई आता खात नाहीत. पाणी तेवढं. कातडीखाली हाडं दिसतात. डॉक्टर आली होती, म्हणाली आजार काही नाही, वय आहे. आजार आहे. मला माहीत आहे कसला.

आज हात चोळून देत होते तर पुटपुटल्या, असं कसं जायचं मी. परत, असं कसं जायचं.

खिडकीशी बसून विचार केला. मी सून म्हणून आले तेव्हा मला धड धोटा टाकता येत नव्हता. हिनं शिकवलं. माझा नवरा गेला तेव्हा हिचा मुलगाही गेला होता, पण तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, स्वतः रडली नाही. कुऱ्हाड घेऊन आलेल्यांसमोर बैठकीवर बसली ती हीच. कुणाचा रुश्निक वाचवायला? लेव्कोचा. आणि आज मी तोच माग अडवून तिला रोखून धरलंय.

ती काप म्हणते म्हणून तो मरणार नाही. मी कापला नाही म्हणून तो येणारही नाही. हे लिहायला किती महिने लागले!

१२ ऑक्टोबर

रायसाला सांगितलं, ताणा कापतेय. तिनं पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. म्हणाली, मी येऊ का सोबतीला? नको म्हटलं.

१३ ऑक्टोबर – गुरुवार

उद्या शुक्रवार, आणि पोक्रोवा. पोक्रोवापासून लग्नसराई सुरू होते आमच्याकडे. आजच करायचं, नाहीतर पुन्हा होणार नाही.

सासूबाईंना उचलून मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, रजई गुंडाळून. मोठी कात्री घेतली. म्हटलं, लेव्को, बाळा, तू आलास की मी नवा ताणा चढवीन, ह्याहून लांब, ह्याहून चांगला. आधी तुझ्या आजीला मोकळी करते. रागावू नको.

दोरे एकदम कापत नाहीत. मूठमूठ घ्यायचे. पहिली मूठ कापली आणि ताणातून सुटून दोरे मागे गेले, माझ्या गालाला लागले. मग दुसरी. तिसरी. रडत नव्हते. दात आवळले होते. शेवटची मूठ राहिली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थांब," आणि पुढे वाकून हात कात्रीवर ठेवला, माझ्या हातावर. दोघींनी मिळून कापली.

एक टोक लाल, तारे आणि कोंबडे. मग सगळं पांढरं, मग नुसते लोंबते दोरे. अर्धा रुश्निक. कधी पाहिला नव्हता असा. घडी घालून मी पेटीत ठेवणार तर त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे." मांडीवर घेतला, दोऱ्यांवरून बोटं फिरवत राहिल्या. विचारलं, आई, आता तुमचा ताणा चढवू का? उद्या नको, परवा. म्हणाल्या, बघू.

इतके दिवस ज्याच्यासाठी उपाशी राहिल्या त्याला – बघू! मला काही समजेना. पण थकले होते. त्या रात्री सूप प्यायल्या. वाटीभर. ब्रेडही मागितला.

१४ ऑक्टोबर

ठोका आला नाही.

सकाळी सासूबाई उठलेल्या. स्वतःहून. बूट घातलेले, डोक्याला रुमाल, हातावर तो अर्धा रुश्निक. अंगणात पानासकाका टोपी काढून उभा. त्यानं दोरी वर धरली आणि त्या वाकून आत गेल्या, नाशपतीखाली. मी किंचाळले, धावले.

"इथे सुरुंग नाहीत, तमारा," म्हणाल्या. रुश्निक खोडाला बांधला, लाल टोक खाली. एप्रिलपासून खिशात ठेवलेलं लाल अंडं काढून मुळाशी ठेवलं. "माझं गाठोडं कुणी नेलं नाही. मीच दिलं त्याला. पाचवा तोंडावर आहे. लग्नाचा सदराही घातलाय. पानासनं खणलं." रुश्निकची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाल्या, "तू लाल सूत घेऊन दारात उभी होतीस. मला सांगवेना."

लाल सूत अजून धोट्यात आहे.